पंगतीला नवीन आहात? कोल्हापुरातल्या अन्नछत्रांत जाण्याआधी नेहमी विचारले जाणारे प्रश्न

घरात कुणाचा वाढदिवस आला, वर्षश्राद्ध आलं, कॉलेजात एनएसएसचा कार्यक्रम ठरला, की फोन सुरू होतात. "कुठं जेवण वाटता येईल? किती माणसं असतात? आम्ही आलो तर चालेल का?" प्रश्न तेच आणि उत्तरंही बहुतेक तीच, म्हणून एकदाच नीट लिहून ठेवतोय. मी संस्थाचालक नाही. वाढपी आहे, आणि अधूनमधून कांदा चिरणारा. तेव्हा खाली जी मतं आहेत ती वाढप्याची मतं समजा.

अशी ठिकाणं कोल्हापुरात नेमकी कुठं आहेत?

एक नाही, बऱ्याच तऱ्हा आहेत. अंबाबाईच्या देवळाजवळ अन्नछत्र चालतं, तिथं भाविक आणि गरजू एकाच पंगतीला बसतात. सीपीआरच्या, म्हणजे शहरातल्या मोठ्या सरकारी दवाखान्याच्या, आसपास दुपारी-संध्याकाळी वेगवेगळी मंडळं आणि ट्रस्ट जेवण घेऊन येतात, ते मुख्यतः रुग्णांच्या नातेवाइकांसाठी. दहा रुपयांत थाळी देणारी सरकारी शिवभोजन केंद्रं आहेत. काही तालमी, मंडळं आणि देवस्थानं महिन्याला शिध्याच्या पिशव्या देतात. साखर कारखान्यांच्या हंगामात ऊसतोड मजुरांच्या पालांवर कोरडा शिधा जातो. जोतिबाच्या चैत्र यात्रेत वाटेवर अन्नछत्रं लागतात, पण तो वेगळा मामला. तिथं सेवेला माणसं कमी पडत नाहीत.

परदेशातल्या 'फूड पँट्री' आणि आपलं अन्नछत्र यांत फरक काय?

अमेरिकेत १९६७ मध्ये अॅरिझोनातल्या फीनिक्स शहरात पहिली अन्नपेढी उभी राहिली. उरलेला, विकला न जाणारा माल एका गोदामात गोळा करायचा आणि तिथून वस्त्यांमधल्या छोट्या केंद्रांना पुरवायचा, अशी ती पद्धत. ही छोटी केंद्रं म्हणजे पँट्री. माणूस येतो, पिशवी भरतो आणि घरी जाऊन शिजवतो. आपल्याकडं पिशवी भरून धान्य द्यायचं काम रेशन दुकान करतं आणि शिजवून वाढायचं काम अन्नछत्र. मधली जागा, म्हणजे ज्याच्याकडं चूल आहे पण तेल-डाळ नाही अशाची, ती बरीचशी रिकामीच आहे.

आधी विचारून जावं लागतं का?

हो, आणि एक दिवस आधी नाही, आठवडाभर आधी. पन्नास माणसांचं जेवण घेऊन तुम्ही अचानक दारात उभे राहिलात आणि आत शंभर जणांचा भात शिजून तयार असेल, तर कुणाचं तरी अन्न वाया जाणार. सीपीआरच्या आवारात वाटायचं असेल तर तिथल्या प्रशासनाला विचारा. गेटबाहेर रस्त्यावर वाटायचं असेल तर तिथं रोज कोण येतं ते आधी दोन दिवस बघून या. एकाच संध्याकाळी तीन गाड्या आणि दुसऱ्या दिवशी एकही नाही, हे तिथं नेहमी घडतं.

कुठल्या दिवशी गेलेलं बरं?

ज्या दिवशी कुणी जात नाही त्या दिवशी. श्रावण, पितृपंधरवडा, १५ ऑगस्ट, २६ जानेवारी, पुढाऱ्यांचे वाढदिवस हे सगळे भरलेले दिवस. पितृपंधरवड्यात तर लोक खीर-वडे नको म्हणतात, इतकं येतं. मग घट बसतात, सगळे आपापल्या उपासाला लागतात, आणि सीपीआरच्या कट्ट्यावर बसलेला माणूस दोन रुपयांच्या बिस्किटाचा पुडा फोडतो.

कुठल्याही केंद्राला विचारा, "तुमचा रिकामा वार कोणता?" बहुतेकांना तो पाठ असतो. तो वार धरा. वर्षातून एकदा पाचशे ताटं देण्यापेक्षा दर महिन्याला तोच वार चाळीस ताटं दिलीत तर स्वयंपाक करणाऱ्या मावशी तुम्हाला नावानं ओळखतील.

तिथं जेवायला येतात ते कोण असतात?

'भिकारी' एवढंच डोक्यात घेऊन आलात तर पहिल्या पंगतीतच गोंधळाल.

सीपीआरजवळ बघा. चंदगड, आजरा, गगनबावडा, शाहूवाडी, शिवाय सिंधुदुर्गातून आणि निपाणीकडून माणसं इथं येतात. पेशंटला वॉर्डात जेवण मिळतं, बरोबर आलेल्याला नाही. अॅडमिट दोन दिवसांसाठी म्हणून केलेलं असतं आणि मुक्काम पंधरा दिवसांवर जातो. गावाकडं या माणसाची दोन म्हशी, वीस गुंठे ऊस अशी ओळख असते. इथं त्याच्या खिशात परतीच्या एसटीचे पैसे तेवढे शिल्लक असतात आणि ते तो मोडत नाही. घरी चार माणसं जेवायला घालणारा हा गडी रांगेत उभा राहताना आधी दोनदा पुढं जातो, दोनदा मागं येतो. टाउन हॉलच्या बाजूला उभं राहून बघितलंत तर दिसेल.

देवळाजवळच्या पंगतीत म्हातारी माणसं जास्त. त्यातल्या कित्येकांना घर आहे, किल्ली कमरेला आहे, पण एकट्यासाठी काय शिजवायचं, आणि गॅस सिलिंडर कोण आणून देणार? काहींना सून आहे, मुलगा आहे, आणि तरी ती पंगतीत आहेत. त्यापुढं विचारू नये.

शिवभोजनला हमाल, रिक्षावाले, बांधकामावरचे मजूर, सेल्समन, आणि स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी पोरं. मेसचे महिन्याचे पैसे घरून यायला उशीर झाला की ही पोरं तिथं दिसतात, सॅक पाठीवरच ठेवून जेवतात.

शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत फाउंड्रीवर काम करणारी बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशाकडची मुलं एरवी कुणाच्या दारात येत नाहीत. काम बंद पडलं, हात भाजला, ठेकेदार पळाला, की येतात. आणि ऊसतोडीची कुटुंबं, ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत. नवरा-बायकोचा एक कोयता, बरोबर लहान पोरं, पहाटे फडात आणि रात्री गाडी भरायला.

खरोखर गरजू कोण हे कसं ओळखायचं? काही जण रोज येतात, काही दोनदा घेतात.

ओळखायचं नाही.

हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो, म्हणून थोडं सविस्तर. लग्नाच्या पंगतीत आपण वाढायला निघतो तेव्हा "हा घरी जेवून आलाय का?" असं कुणी विचारतं का? बसला तो पाहुणा. जो माणूस रांगेत उन्हात अर्धा तास उभा राहून आमटी-भात घेतो, त्याला बासमतीची हौस नसते. दोनदा घेणारा बहुतेक वेळा दुसरं ताट कुणासाठी तरी नेत असतो. वॉर्डाबाहेरून हलता येत नाही अशी बायको असते, पाय मोडलेला भाऊ असतो. एकदा एक आजी पोळ्या पदराखाली सरकवताना दिसल्या. शेजारी उभ्या असलेल्या नव्या पोरानं लगेच माझ्याकडं डोळ्यांनी खूण केली. मी त्याला म्हटलं, "कागद दे त्यांना, गुंडाळून न्यायला." आजींनी कागद घेतला आणि आणखी एक पोळी मागितली. मागायला लाजत होत्या म्हणूनच लपवत होत्या.

शिवभोजन केंद्रात जेवणाऱ्याचं नाव आणि फोटो अॅपवर घेतात. सरकारी अनुदानाचा हिशेब लागायला ते लागतं, समजण्यासारखं आहे. पण खाजगी अन्नछत्रांनीही आधार कार्ड मागायला सुरुवात केली तर ज्याला सगळ्यात जास्त गरज आहे तोच पहिला परत फिरेल. घरातून भांडून निघालेल्या बाईच्या पिशवीत आधार कार्ड नसतं.

दारू पिऊन आलेला माणूस? जेवू घाला. फक्त त्याला कडेला बसवा आणि वाढणाऱ्या मुलींना तिकडं पाठवू नका. भांडण काढलं तर तिथले कायमचे वाढपी बघून घेतील, तुम्ही मध्ये पडू नका.

त्यांच्याशी काय बोलायचं? आम्हाला अवघडल्यासारखं होतं.

त्यांनाही होतं. वाट सोपी आहे, गावापासून सुरुवात करा. "पाव्हणं, कुठलं गाव?" एवढं विचारलंत की कोल्हापूर जिल्ह्यातला माणूस पुढचं आपण होऊन बोलतो. राधानगरीचा असेल तर धरणाची स्वयंचलित दारं किती उघडली ते विचारा. सातही दारांचा हिशेब तोंडपाठ असतो. शिरोळचा असेल तर ऊसदर. चंदगडचा असेल तर काजू. पाऊस, एसटी, पीक, पोरांची शाळा. या विषयांवर तो तुमच्यापेक्षा जास्त जाणतो, आणि आपल्याला माहीत असलेलं सांगताना माणूस ताठ बसतो.

न विचारायच्या गोष्टी: घरचे कुठं आहेत, मुलं बघत नाहीत का, असं कसं झालं, किती दिवस झाले, आजार नेमका काय. त्यांना सांगायचं असेल तर ते सांगतात, आणि ऐकायला वेळ लागतो. एकदा गडहिंग्लजकडच्या एक काकी भात कालवता कालवता नवऱ्याच्या ऑपरेशनबद्दल सांगत होत्या. मध्येच थांबल्या आणि म्हणाल्या, "आमटीला फोडणी लसणाची न्हाई दिली व्हय?" पुढचा अर्धा तास आम्ही फोडणीवर बोललो. ऑपरेशनचं राहूनच गेलं, आणि त्यांना ते हवंच होतं असं मला वाटतं.

हाक मारताना वय बघून आजी, काकी, मावशी, मामा, आण्णा, दादा. 'बाबा', 'ए म्हातारे' नको. लहान पोरांनाही 'अरे तू' करून हाकलू नका. आणि "घ्या, पोटभर जेवा, लाजू नका" हे वाक्य मोठ्यानं म्हणू नका. 'लाजू नका' म्हटल्यावर माणूस लाजतोच. नुसतं "भात घेणार?" पुरे.

सल्लेही नकोत. "दारू सोडा", "गावाकडं परत जा", "काहीतरी काम करा" हे त्यांनी तुमच्याआधी शंभर जणांकडून ऐकलेलं असतं.

फोटो काढले तर चालतील का? देणगीदारांना दाखवायला लागतात.

कढईचे काढा. भाताच्या परातीचे, चिरलेल्या भाजीचे, तुमच्या मंडळाच्या पोरांचे काढा. जेवणाऱ्याच्या तोंडाचा फोटो नाही, पाठमोराही नाही. त्या गडहिंग्लजच्या काकींच्या भावकीतल्या कुणाच्या मोबाइलवर तो फोटो गेला तर? आपल्या जिल्ह्यात सगळे एकमेकांचे पाहुणे लागतात. ताट हातात देताना दोन सेकंद धरून ठेवायचं आणि कॅमेऱ्याकडं बघायचं, ही जी रीत पडली आहे ती बंद झाली पाहिजे. देणगीदाराला किराणा दुकानाचं बिल आणि किती ताटं गेली त्याचा आकडा द्या. त्याला तरीही चेहरेच हवे असतील तर त्याची देणगी न घेतलेली बरी.

कोरडा शिधा द्यायचा असेल तर पिशवीत काय भरू?

गहू-तांदूळ सोडून बाकीचं. कारण सांगतो. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा २०१३ साली आला. त्याप्रमाणे प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना ५ किलो आणि अंत्योदय कार्डाला घरटी ३५ किलो धान्य मिळतं, आणि जानेवारी २०२३ पासून ते फुकट आहे. म्हणजे कार्ड चालू असेल तर तांदूळ-गहू घरात येतो. येत नाही ते तेल, तूरडाळ, चटणी, साखर, चहापत्ती, मीठ, साबण. २०२२ च्या दिवाळीत सरकारनं शंभर रुपयांत रवा, चणाडाळ, साखर आणि पामतेल असा 'आनंदाचा शिधा' दिला तेव्हा दुकानांपुढं ज्या रांगा लागल्या, त्यावरून घरात काय कमी पडतं ते कळलं होतं.

तेव्हा एक लिटर तेल, एक-दोन किलो तूरडाळ, अर्धा किलो कांदा-लसूण चटणी (कोल्हापुरात ही असली की नुसत्या भाकरीवर दिवस निघतो), साखर, चहा, मीठ, अंगाचा आणि कपड्यांचा साबण. बायकांसाठी सॅनिटरी पॅड कुणी मागत नाही आणि सगळ्यांना लागतात. पिशवीत तळाला ठेवा, वर नको.

ऊसतोडीच्या पालावर गेलात तर ज्वारी आणि बाजरीचं पीठ चालतं. तिथं चूल असते, वेळ नसतो, म्हणून दळलेलं न्या. एमआयडीसीतल्या खोल्यांवर तांदूळ, बटाटे, मोहरीचं तेल. आणि ज्याच्याकडं चूलच नाही, बसस्टँडवर झोपतो, त्याला शिध्याची पिशवी देऊन काय उपयोग? तो ती शेजारच्या दुकानात निम्म्या किमतीला विकतो, आणि मग आपण म्हणतो हे लोक असलेच.

माल घ्यायचा तर लक्ष्मीपुरीत धान्य ओळीला जा. ठोक भाव मिळतो, आणि कशासाठी नेताय सांगितलंत तर बरेच व्यापारी आपण होऊन किलोभर जास्त टाकतात.

लग्नात उरलेलं जेवण देता येईल का?

येईल, पण 'उरलेलं' आणि 'ताटातलं' यांत गल्लत नको. पातेल्यातलं, वाढायला न काढलेलं असेल तरच. फोन शेवटची पंगत बसताना करा, हॉल झाडून झाल्यावर रात्री साडेअकराला नाही.

शिजवलेलं अन्न गरम ठेवायचं तर ६० अंशांच्या वर आणि थंड ठेवायचं तर ५ अंशांच्या खाली. मधल्या तापमानात दोन तासांपेक्षा जास्त राहिलं की धोका सुरू होतो. सगळ्यात फसवा भात. त्यातल्या बॅसिलस सेरिअस जिवाणूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत, आणि भात उबेला राहिला की जे विष तयार होतं ते परत गरम केल्यानंही जात नाही. म्हणजे दुपारी एकचा मसालेभात संध्याकाळी सातला वाफ काढून वाटला तरी तो चांगला होत नाही. बासुंदी, श्रीखंड, पनीर, ओल्या नारळाची चटणी हे सरळ नको म्हणा. पोळ्या, जिलेबी, बुंदी, कोरडी भाजी चालते. उरलेल्या अन्नाचं वाटप करणाऱ्या संस्थांसाठी अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे २०१९ चे नियम आहेत, नोंदणीही लागते. तेव्हा स्वतः रिक्षात पातेली घालून निघण्यापेक्षा हे काम रोज करणाऱ्यांच्या हवाली करा.

साधी कसोटी सांगतो. ते अन्न तुमच्या घरातल्या लहान मुलाला आत्ता द्याल का? हात मागं आला तर देऊ नका.

तिथं गेल्यावर आम्हाला काय काम मिळेल?

वाढायचं काम सगळ्यांना हवं असतं. भांडी कुणालाच नको असतात. पहिल्या दिवशी तुम्हाला लसूण सोलायला बसवलं तर रागावू नका. शंभर माणसांच्या आमटी-भाताला तांदूळ दहा-बारा किलो लागतो, डाळ तीन-चार किलो, आणि त्या फोडणीचा लसूण सोलायला दोन माणसांचा तास जातो. स्वयंपाकाच्या मावशींच्या हाताखाली तो एक तास बसलात तर कोण येतं, कोण यायचं थांबलं, कुणाचा पेशंट बरा होऊन गेला हे सगळं कानावर पडतं. वाढताना ते कळत नाही. वाढताना फक्त हात दिसतात.

वाढायला उभे राहिलात तर तीन गोष्टी पाळा. डाव पातेल्याच्या तळापासून फिरवा, नाहीतर पहिल्यांना पाणी आणि शेवटच्यांना डाळ जाते. पहिल्या फेरीत सगळ्यांना सारखं वाढा. आणि आग्रह करा, पण ताटात टाकू नका. विचारल्याशिवाय वाढलेला भात उष्टा पडतो.

आपणही तिथं जेवावं का?

जेवावंच. त्याच पंगतीत, तेच. वाढून झाल्यावर कार्यकर्त्यांनी बाजूला खुर्च्या मांडून पार्सल बिर्याणी उघडायची, हे बघवत नाही.

कोल्हापूरला हे कुणी शिकवायची गरज नाही, खरंतर. गंगाराम कांबळेंनी भाऊसिंगजी रोडला चहाचं हॉटेल काढलं तेव्हा अस्पृश्याच्या हातचा चहा कोण पिणार, असं सगळं शहर म्हणत होतं. शाहू महाराज गाडी थांबवून तिथं चहा प्यायचे, आणि बरोबरच्या मानकऱ्यांनाही प्यावा लागायचा. १८९६-९७ च्या दुष्काळात याच महाराजांनी संस्थानात स्वस्त धान्याची दुकानं उघडली होती. धान्य पुरवणं आणि शेजारी बसून खाणं, दोन्ही कामं त्यांनी केली. आपण सोपं तेवढं उचललं.

लहान मुलांना घेऊन गेलं तर चालेल?

चालेल, "बघ, या लोकांना खायला मिळत नाही" असं त्यांना दाखवायला नेत नसाल तर. मुलांना पाण्याची तांब्या-पेल्याची जबाबदारी द्या. सातआठ वर्षांच्या पोरांना ते छान जमतं. वाढदिवस असेल तर केक तिथं कापू नका. आलेल्या मुलांनी टाळ्या वाजवायच्या आणि नुसतं बघायचं, हे कुठल्या मुलाला आवडेल? त्यापेक्षा शिरा करा, सगळ्यांना वाढा, कुणाचा वाढदिवस आहे ते सांगितलं नाही तरी शिरा गोडच लागतो.

शिवभोजन थाळी आहे, मग वेगळ्या अन्नछत्राची गरज काय?

ती थाळी २६ जानेवारी २०२० ला सुरू झाली. दहा रुपयांत दोन चपात्या, १०० ग्रॅम भाजी, १०० ग्रॅम वरण आणि १५० ग्रॅम भात. शहरात थाळीमागं ४० रुपये आणि गावात २५ रुपये सरकार केंद्रचालकाला देणार, अशी आखणी. चांगली योजना. पण ती दुपारची आहे, प्रत्येक केंद्राला थाळ्या ठरलेल्या आहेत आणि त्या संपल्या की संपल्या. शिवाय ३० ग्रॅमच्या दोन चपात्यांवर हमालाचं पोट कसं भरणार? रात्रीचं काय, हा प्रश्न उरतोच. तुम्हाला मदत करायची असेल तर केंद्रात जाऊन दहा जणांचे शंभर रुपये आगाऊ भरून या. नाव सांगू नका. मात्र केंद्र चालू आहे का ते आधी बघा, कारण चालकांचं अनुदान मागाहून येतं आणि सगळ्यांनाच तोवर तग धरता येत नाही.

जेवणापलीकडं काही करता येईल?

रेशन कार्ड. माझ्या मते एका ताटापेक्षा हे मोठं काम. पंगतीत बसलेल्या कितीतरी जणांचं नाव कार्डावरून कमी झालेलं असतं, केवायसी राहिलेली असते, किंवा म्हातारपणी बोटांचे ठसे मशीनवर उमटत नाहीत म्हणून ते दुकानातून परत आलेले असतात. बऱ्याच ऊसतोड मजुरांना ठाऊक नसतं की बीडच्या कार्डावर कोल्हापुरातल्या दुकानातही धान्य मिळतं. बिहारच्या कार्डावरही मिळतं. ज्याला फॉर्म भरता येतो आणि पुरवठा कार्यालयात दोन खेपा घालायला वेळ आहे, असा एक माणूस पंगतीला आला तर वाढप्यांपेक्षा त्याचं स्वागत जास्त होतं.

पुराच्या वेळी काय करावं?

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोक्याची ४३ फूट. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पाणी ५५ फुटांच्या पुढं गेलं, शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग बुडाला आणि बाहेरून येणारा माल रस्त्यावर अडकला. पहिले दोन-तीन दिवस जे काही शहरात आहे तेच पुरतं. तेव्हा लागतं ते पिण्याचं पाणी, दुधाची भुकटी, मेणबत्त्या, शिजवलेलं गरम जेवण. रस्ता उघडला की ट्रकच्या ट्रक येतात, बिस्किटं आणि जुने कपडे घेऊन, आणि हमरस्त्याला लागून असलेल्या गावांत उतरतात. आत शिरोळ तालुक्यातल्या एखाद्या वाडीत काहीच पोहोचत नाही. म्हणून गाडी भरण्याआधी तलाठ्याला, ग्रामसेवकाला किंवा तिथल्या शाळेतल्या गुरुजींना फोन. आणि खरी ओढ पाणी उतरल्यावर महिनाभरानं लागते. घरातलं धान्य कुजलेलं, रोजगार बंद, आणि तोवर सगळे मदतवाले परत गेलेले. पुरात बुडणाऱ्या चिखली-आंबेवाडीच्या माणसाला विचारा.

मटण-अंडी चालतात का?

केंद्र देवस्थानाचं असेल तर नाही. बाकी ठिकाणी विचारून. सीपीआरजवळ उकडलेली अंडी दिली तर पाच मिनिटांत संपतात. पांढऱ्या रश्श्याची मात्र फर्माईश येते आणि ती पुरवायची कुणाची ऐपत नसते.

पैसे द्यायचे असतील तर?

ट्रस्टला ८०जी (देणगीवर आयकरात वजावट देणारी मान्यता) असेल तर पावती घ्या. दोन हजारांवरची रोख देणगी वजावटीत धरत नाहीत, वस्तुरूपातली तर नाहीच, आणि नवीन करप्रणाली निवडली असेल तर हा विषयच मिटला. सगळ्यात चांगलं म्हणजे केंद्राचा किराणा जिथून येतो त्या दुकानदाराकडं थेट खात्यावर जमा करा. गॅस सिलिंडरचे पैसे भरायला कुणी पुढं येत नाही. ते विचारा.

ओळखीचं माणूस रांगेत दिसलं तर?

दिसतं. जुने शेजारी, शाळेतले शिपाई मामा, एखादा वर्गमित्रही. त्यांनी तुमच्याकडं बघितलं आणि ओळख दिली तर नेहमीसारखं बोला, "काय, बरं हाय न्हवं?" त्यांनी मान वळवली तर तुम्हीही दुसऱ्या रांगेला वाढायला जा. घरी येऊन बायकोला, नवऱ्याला, आईला सांगू नका. ही एक गोष्ट पाळता येणार नसेल तर वाढायला येऊ नका, पैसे पाठवा.

किती जणांनी यावं?

चौघं-पाच. वीस जण एकसारखे टी-शर्ट घालून आलात तर जेवणाऱ्यांपेक्षा वाढपी जास्त होतात.

गाडी कुठं लावायची?

देवळाकडं येणार असाल तर बिंदू चौकातलं पार्किंग बघा, शनिवार-रविवार आणि नवरात्रात तेही भरलेलं असतं. सीपीआरकडं चारचाकी आणूच नका. गेटासमोर लावलेल्या गाडीमुळं अॅम्ब्युलन्स अडते आणि आत बसलेल्या त्याच माणसांच्या शिव्या खाव्या लागतात. केएमटीनं, म्हणजे शहर बसनं या, दसरा चौकात उतरा, तिथून चालत पाच मिनिटं. पातेली असतील तर ती उतरवून गाडी पुढं न्यायला एक माणूस वेगळा ठेवा.